घनमीटर

ट्रकवाला लादिस्लाओ फोनवर विचारतो,
किती घनमीटर?
तो आमच्या घराबद्दल विचारत असतो.

मला घनमीटर कळतो तो फक्त लाकडाचा.
व्हाल्दिव्हियात जळण घनमीटरवरच विकतात.
डिसेंबरात घ्यायचं, फोडायचं,
साल आभाळाकडे करून पडवीत रचायचं,
वारा आरपार जाईल एवढ्या फटी सोडायच्या,
आणि मार्च लागला की दोन ढलप्या
एकमेकींवर आपटून बघायच्या.
सुकलेलं लाकूड खणखणीत वाजतं.
ओलं तोंडातल्या तोंडात बोलतं.

यंदाचं वाजतंय.
नऊ घनमीटर, उल्मो आणि हुआल्ये,
अख्खा हिवाळा रचून तयार,
आणि आम्ही चाललोय आंतोफागास्ताला.
बावीसशे किलोमीटर वर,
वाळवंटाच्या कडेला,
जिथे जळणाचा भाव कुणाला विचारला
तर तो आधी आपलं तोंड बघेल.

नेलिदाला नोकरी लागली आहे
समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात.
आमच्या माळ्यावर गळतीखाली तीन बादल्या आहेत.
ती म्हणाली, हेच पाणी तिकडे बनवायचा मला पगार मिळणार.
हसली,
मग उठून मधली बादली ओतून आली.

टेबलावर तिची वही.
न्यायचं. द्यायचं. आई बघेल.
शिवणयंत्र दोनदा खोडून
तिसऱ्यांदा ‘न्यायचं’मध्ये आलंय.
लोखंडी चूल, दोनशे दहा किलो, कुठल्याच रकान्यात नाही.
मी म्हणालो, मीही कुठे दिसत नाही यात.
(वीस वर्षं नदीवरच्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळलं.
तिथे बंदर आहे, नदी नाही. बघू.)
तिने पेन उचललं,
शिवणयंत्राच्या खाली माझं नाव लिहिलं,
पुढे शेरा मारला:
अवजड, पण जपून.

अयेलेनला एकच विचारायचंय,
तिथे विंचू असतात का?
असतील.
त्यांचं बरं आहे, मी म्हणालो,
बिऱ्हाड पाठीवर.
ती सात वर्षांची आहे. थोडा विचार करून म्हणाली,
किती घनमीटर?

काल शेजारच्या दोन्या एदुविनाला म्हटलं,
जळण तुम्ही न्या.
ब्याऐंशी वर्षांची बाई काठी टेकत पडवीत आली,
ढलप्या उचलून वाजवून बघितल्या,
एक नाही, चांगल्या सात-आठ,
विकत घ्यायला आल्यासारख्या.
म्हणाली, फुकटचं लाकूड ऊब देत नाही.
संध्याकाळी मुर्ताच्या मुरंब्याच्या अकरा बरण्या आल्या.
म्हणजे नऊ घनमीटर कमी झाले
आणि अकरा बरण्या वाढल्या.
नेलिदाने वहीत लिहिलं: काचेचं, वेगळं.

रात्री सगळी झोपल्यावर टेप घेऊन फिरलो.
पलंग. कपाट. अयेलेनची सायकल,
जी पुढच्या वर्षी तिला पुरणारच नाही.
दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या खुणा आहेत,
टेप तिथे आपोआप थांबला.
चौकट घराची आहे, आणि घर भाड्याचं.
आकडे कागदावर घेतले, तरी
चुलीसमोरची फरशी, जिथे कुत्रं मेलं त्या थंडीत,
ती मोजायची कशी ते समजेना.
तिथे मी नुसताच उभा राहिलो, टेप आत गेला खटकन.

नंतर पडवीत गेलो. अर्धी रिकामी झाली होती,
उद्या पोरं उरलेलं नेतील.
दोन ढलप्या घेतल्या हुआल्येच्या,
पान्यांच्या पेटीत तळाला ठेवल्या.
जाळायला नाही.
तिकडे सगळंच सुकं असतं म्हणे,
काहीही आपटलं तरी वाजत असेल.
खरं काय ते ऐकून बघायला
आपल्याजवळ एक आवाज असावा.

सकाळी लादिस्लाओला फोन केला.
एकवीस, म्हणालो.
तो म्हणाला, सगळे कमीच सांगतात.
मी पंचवीस धरतो.